ठोक्यामागचं कॅल्शियम
कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. पण हृदयाचा ठोकाही त्याच्याच जिवावर चालतो. 1883 साली लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी दाखवलं, की नळाच्या पाण्यातल्या क्षारद्रावणात धडधडणारं बेडकाचं हृदय शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरताच मंदावत थांबतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं!

प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम पेशीत शिरतं, स्नायू आकसतो. मग त्याला बाहेर काढायचं कोणी? पेशीपटलावरचं एक प्रथिन तीन सोडियम आत घेतं आणि एक कॅल्शियम बाहेर टाकतं. गंमत म्हणजे, आतलं कॅल्शियम चिकटलं की हेच प्रथिन जोमानं कामाला लागतं. पाहुणाच स्वतःला दार उघडून देतो म्हणा ना!

पण छातीत धडधडलं म्हणून मनानं कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.