कॉर्नेलच्या सात मुली



अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या सोरॉरिटी असतात. ग्रीक अक्षरांचं नाव, राहायला स्वतःचं घर, प्रवेशाचा विधी, आणि एकदा आत आलं की जन्मभराचं नातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजातल्या मुलींच्या मैत्र्या, जेवणखाण, समारंभ, बरंचसं या घरांतच चाले. ज्यू मुलींना तिथून बहुधा बोलावणंच येत नसे. वर्गात त्या शेजारी बसत, संध्याकाळी मात्र दार बंद. हा अपमान कुणी तोंडावर करत नसे, म्हणूनच तो अधिक झोंबत असावा.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सात ज्यू मुलींनी २५ मार्च १९१७ रोजी स्वतःचीच सोरॉरिटी काढली. अमेरिका महायुद्धात उतरायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते. आधी ठरवलेलं सिग्मा डेल्टा फाय हे नाव दुसऱ्या संस्थेचं निघालं, म्हणून शेवटचं अक्षर बदलून सिग्मा डेल्टा टाउ झालं. प्रवेशाचा विधी लिहून दिला नेथन केलेब हाउस यांनी. सदस्य मुली त्यांना ‘ब्रदर नॅट’ म्हणतात.

पण आपल्याला नाकारलं म्हणून आपण वेगळं घर बांधलं, तर त्या घराच्या दारावर आपणही पहारा बसवायचा का? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातल्या दहा मुलींनी १९१३ मध्येच त्याचं उत्तर दिलं होतं. त्यांच्या फाय सिग्मा सिग्मा या सोरॉरिटीत धर्माची अट पहिल्या दिवसापासून नव्हती. आज सिग्मा डेल्टा टाउमध्येही कुठल्याही धर्माची मुलगी येऊ शकते, आणि ज्यू वारसाही तिथे अभिमानाने सांगितला जातो.

त्या सातजणींतल्या मॅरियन गर्बर पुढे ग्रीनबर्ग झाल्या. १९३० च्या दशकात ‘हदासा’ या ज्यू स्त्रियांच्या संघटनेत त्यांनी ‘युथ अलिया’च्या कामाची धुरा घेतली. हिटलरच्या जर्मनीतून ज्यू मुलांना बाहेर काढून पॅलेस्टाईनमध्ये वसवायचं, त्यासाठी अमेरिकेत पैसा उभा करायचा, असं ते काम. कित्येक मुलं आईबापांना मागे सोडून निघाली आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. माझ्या मते सिग्मा डेल्टा टाउचा खरा वारसा इथे दिसतो. मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी तिच्या सदस्य मुली आजही निधी जमवतात.