व्हिसावर शब्द कोणता आहे?

मिहानसाठी जमिनी गेल्या तेव्हा शिवणगाव, खापरी, दहेगावच्या बायांना ‘संपादन’, ‘मोबदला’, ‘पुनर्वसन’ हे शब्द शिकावे लागले. आता परदेशी कामाला जायचे शब्द घरात येऊ लागलेत.

आमच्या गटाकडे नुकताच एक कर्जाचा अर्ज आला. बहीण २८ वर्षांची, शिक्षण आठवी. दुबईला घरकामाला जायचंय, एजंटला दीड लाख द्यायचेत. आम्ही म्हटलं, आधी कागद दाखव.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ छापलेलं होतं. दहावी झालेली नसली की बहुतेक वेळा ते येतं. त्याचा अर्थ, ठरावीक १८ देशांत कामाला जाण्याआधी भारत सरकारची मंजुरी लागते. दुबई, सौदी, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया हे सगळे त्यात येतात. बायांना वाटतं, शिक्षण कमी म्हणून हा डाग लागला. पण ही मंजुरी आपल्याच कामाची, बरं का! तिच्यासाठी मालकाचा करार आणि पगार सरकारी दप्तरात नोंदवावा लागतो. प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि वर कर, संरक्षण १० लाखांचं.

मग व्हिसा पाहिला. त्यावर ‘व्हिजिट’ म्हणजे भेटीचा, असं लिहिलेलं. एजंटने सांगितलं होतं, “असंच चल, तिथं गेल्यावर बदलून घेऊ, मंजुरीची कटकटच नको.” खरी गोम इथंच आहे. भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायला गेलेली बाईच आधी गुन्हेगार ठरू शकते. करार कुठं नोंदलेला नाही, विमा नाही.

एजंट ही वाट का दाखवतो? ईसीआर असलेल्या ३० वर्षांखालच्या बाईला या देशांत कामाला जायची मंजुरी मिळत नाही. ही अट आम्हाला तरी पूर्ण पटत नाही. एकोणतिसाव्या वर्षी पोट नसतं का? अट आली की दलालाची चोरवाटही आली. पण चोरवाटेने गेलेल्या बाईला शोधायचं तरी कुठल्या दप्तरात?

सौदीला जाणाऱ्यांनी आणखी तीन शब्द पाठ करावेत. ‘कफील’ म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथे राहतो तो मालक. ‘इकामा’ हा राहण्याचा परवाना, तो कायम जवळ ठेवायचा. आणि ‘हुरूब’ म्हणजे कामगार पळून गेल्याची मालकाने केलेली नोंद. ती झाली की आपलं तिथलं राहणंच बेकायदा ठरू शकतं. पासपोर्ट मात्र आपलाच. तो मालकाने ठेवून घेणं तिथल्या नियमातही बसत नाही.

त्या बहिणीचं कर्ज आम्ही थांबवलंय, नाकारलेलं नाही. भरती एजंटला सरकारी परवाना लागतो आणि त्याला फी घेता येते जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अधिक जीएसटी. हा एजंट दीड लाख मागतो आणि परवाना क्रमांक विचारला की फोन ठेवतो. तुमच्याकडे असा कुणी आला तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदत केंद्राला १८०० ११ ३०९० वर फोन करून विचारा. फोन फुकट आहे, हिंदीतून बोलता येतं. पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवूनच फोन लावा.