गावाकडून फोन आला की काय सांगायचं

(दुबईतल्या मुहैसना भागातील एका लेबर कॅम्पच्या मेस हॉलमध्ये, सुट्टीच्या संध्याकाळी मराठी कामगारांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, बाकडी रिकामी आहेत. एसीखालची जागा सगळ्यांनाच पाहिजे, मला माहीत आहे, पण तिथून आवाज येत नाही.

मला सांगितलं होतं, रिक्रूटमेंट एजन्सीवर बोला. मी म्हटलं, जी माणसं इथं येऊन पोचली, कामाला लागली, त्यांना एजन्सीबद्दल आता काय सांगायचं? मग लक्षात आलं की आपल्यातल्या प्रत्येकाला महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन येतोच. "दादा, एका एजंटचा नंबर मिळालाय. एक लाख चाळीस म्हणतोय. देऊ का?" कधी सख्खा भाऊ असतो, कधी मेहुणा, कधी वाडीतला पोरगा. गावाला वाटतं, दुबईत राहतो म्हणजे याला सगळं कळतं. पैसे हातातून सुटायच्या आधी तो पोरगा शेवटचं कुणाला विचारतो? तुम्हाला. म्हणून आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे, तुमच्यामार्फत.

आधी हिशोब करू, कारण फोनवर हिशोब कुणी करत नाही. समजा दीड लाख दिले, आणि ते सावकाराकडून तीन टक्क्यांनी काढले. महिन्याला नुसतं व्याज साडेचार हजार. हेल्परला ओव्हरटाइम धरून हजार-अकराशे दिरहम पडतात. मेस, मोबाइल, साबण-तेल जाऊन सातशे उरले, दिरहमला तेवीस रुपये धरा, म्हणजे सोळा हजार शंभर. त्यातून व्याज गेलं, राहिले अकरा हजार सहाशे. सावकार पूर्ण मुद्दलावरच व्याज लावतो, तेव्हा दीड लाख फिटायला तेरा महिने. घरी एक रुपया न देता तेरा महिने! करार असतो दोन वर्षांचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त करार त्या एजंटसाठी राबायचं.

आता कायदा. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजन्सीला भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून नोंदणी घ्यावी लागते. त्या एजन्सीला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. एकूण ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती द्यावी लागते. इथं यूएईत २०२१ चा ३३ नंबरचा कामगार कायदा आहे. तो म्हणतो, भरतीचा खर्च कंपनीनं करायचा, कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गानं वसूल करायचा नाही. म्हणजे इकडचा कायदा शून्य म्हणतो आणि तिकडचा तीस हजार. माझं मत विचाराल तर शून्यच बरोबर. माणूस कंपनीला पाहिजे असतो, एजंटला काम कंपनी देते, तर त्याचा मोबदला कंपनीनंच द्यावा. पण ते जाऊ द्या. निदान पोराला एवढं कळू दे की ३५,४०० च्या वरचा प्रत्येक रुपया बेकायदा आहे. "व्हिसाचे चार्जेस", "एमिग्रेशनचं सेटिंग", "कंपनीच्या मॅनेजरचं" असं काहीही नाव दिलं तरी.

हे पैसे जातात कुठं, ते मी दुसऱ्या बाजूनं पाहिलंय. आमच्या कंपनीनं एकदा मला ट्रेड टेस्ट घ्यायला मुंबईला पाठवलं होतं. एजन्सीचं नाव घेत नाही, नोंदणी असलेली एजन्सी होती. ऑफिसच्या मागं यार्ड. शटरिंग कारपेंटरनं कॉलमची पेटी बांधून ओळंब्यात उभी करायची, स्टील फिक्सरनं ड्रॉइंग बघून रिंगा बांधायच्या, मेसननं ब्लॉकचे थर लावायचे. तीन दिवस चाललं होतं. प्रत्येक उमेदवाराला कंपनीतर्फे मी विचारत होतो, "इथं यायला कुणाला पैसे दिले का?" सगळे एका सुरात, "नाही साहेब, काही नाही." शाळेत प्रार्थना म्हणतात तसं. एजन्सीवाल्यानं तर मोबाइलवर व्हिडिओही काढून ठेवले होते, नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि "मी कुणालाही पैसे दिलेले नाहीत" म्हणायचं. आणि जिन्यात पाहावं तर प्रत्येक चार-पाच पोरांमागं एक माणूस उभा, हातात त्यांचे पासपोर्ट. तो ना एजन्सीचा, ना कंपनीचा.

ती पोरं साइटवर आली. तीन महिन्यांनी चहा पिताना आकडे बाहेर पडायला लागले. नांदेडकडचा एक शटरिंग कारपेंटर होता, अख्ख्या बॅचमध्ये हात त्याचाच चांगला, टेस्टला त्याची पेटी पहिल्या झटक्यात ओळंब्यात बसली होती. त्यानं एक लाख चाळीस हजार दिले होते. गावातल्या माणसाला दिले, त्यानं आपलं काढून तालुक्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याला, त्यानं आपलं काढून मुंबईत लॉजवर राहणाऱ्या एकाला. एजन्सीपर्यंत किती पोचले देव जाणे. त्याच बॅचमध्ये, त्याच विमानात चिपळूणकडचा एक मुलगा होता. त्याला आयटीआयच्या सरांनी सांगितलं होतं, मधला माणूस घेऊ नकोस, सरळ ऑफिसात जा. त्यानं ३५,४०० भरले, पावती घेतली. काम तेच, खोली तीच, पगारही तोच.

कर्ज डोक्यावर असलेला माणूस साइटवर मला लगेच ओळखू येतो. तो ओव्हरटाइमला कधी नाही म्हणत नाही. ताप असला तरी क्लिनिकला जात नाही, हजेरी कटेल म्हणून. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात कामाला बंदी आहे, तेव्हाही विचारतो, "सर, सावलीत काही असेल तर देता का?" मचाण डुगडुगतंय हे दिसत असून बोलत नाही, बोललो तर घरी पाठवतील ही भीती. सेफ्टीचं लेक्चर त्याला कितीही द्या, त्याच्या खांद्यावर सावकार बसलेला असतो.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. ही जी साखळी सांगितली ना, गावातला माणूस, मग ट्रॅव्हल्सवाला, तिची पहिली कडी कधी कधी याच कॅम्पमध्ये असते. "दोन पोरं दे, डोक्यामागं दहा हजार देतो" असं एजंट इथल्याच कुणाला तरी सांगतो. त्यात कुणाला वाटतं, काय बिघडलं, पोराचंही भलं, माझेही दहा. पण ते दहा हजार एजंट त्याच्या खिशातून देत नाही. ते त्या पोराच्या कर्जात धरलेले असतात. शिवाय नोंदणी नसताना भरती करणं हा त्याच कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा सोडा, उद्या नोकरी फसली तर तो पोरगा एजंटच्या घरी जाणार नाही, तुमच्या आईच्या दारात येऊन बसेल.

मग फोन आला की काय म्हणायचं? "देऊ का" याचं उत्तर हो किंवा नाही असं देऊच नका. उलटं विचारा. एजन्सीचं नाव काय, आणि तिचा आरसी नंबर काय? आरसी म्हणजे सरकारी नोंदणी. तो नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघता येतो, नोंदणी चालू आहे की सस्पेंड आहे ते दिसतं. एजंट म्हणाला, "आमचं वरच्या एजन्सीशी टायअप आहे," तर त्या वरच्या एजन्सीच्या ऑफिसात स्वतः जायचं. मुंबईत अशी नोंदणीकृत ऑफिसं भरपूर आहेत, आणि सगळे चोर नाहीत. काही ऑफिसं नीट बसवतात, कागद दाखवतात. त्यांच्याकडे कंपनीचं डिमांड लेटर असतं, किती माणसं, कुठला ट्रेड, किती पगार, सगळं लिहिलेलं. ते बघायला मागायचं. कंपनीचं नाव "सिक्रेट आहे" म्हणणाऱ्याकडून उठून यायचं.

पैसे एजन्सीच्या बँक खात्यावर, कुणाच्या स्वतःच्या यूपीआयवर नाही. रोख तर अजिबात नाही. पासपोर्ट दिला तर दिल्याचा कागद घ्यायचा. आणि ऑफर लेटर हातात नसताना मेडिकलला जायचं नाही. मेडिकलचे पैसे गेले, ट्रेड टेस्टचे गेले, आणि नोकरी मुळात नव्हतीच, अशी पोरं प्रत्येकाच्या तालुक्यात सापडतील.

ऑफर लेटर यूएईचं असेल तर ते इथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं असतं. अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजेल अशी तिसरी भाषा. आपल्याला हिंदीत मिळतं. त्यावर बेसिक वेगळा, भत्ते वेगळे लिहिलेले असतात. बेसिक नीट बघायला सांगा, कारण ओव्हरटाइम आणि शेवटची ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते. "बाराशे मिळतील" म्हणतात आणि कागदावर बेसिक सहाशे असतो. इथं उतरल्यावर दुसऱ्या कागदावर सही करायला लावून पगार कमी करणं चालत नाही, २०१६ पासून तसा नियम आहे. पण पहिल्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये नसेल तर नियम दाखवणार कशावर?

पासपोर्टचं एक सांगायचं राहिलं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्यांना आखातात नोकरीला जायला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते. पोरांना तो जाच वाटतो, पण त्या परवानगीत कंपनी आणि करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. विम्याचे पाच हजार मागणारे एजंट मी ऐकलेत! ही परवानगी टाळायला एजंट काय करतो? व्हिजिट व्हिसावर पाठवतो. "तिथं गेल्यावर बदलून देतो." व्हिजिटवर काम करणं इथं बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रार कुठल्या कराराखाली करणार? आझाद व्हिसाही तसलाच. कागदावर मालक एक, काम दुसरीकडे, आणि पकडला तर दोघंही ओळखत नाहीत.

आमच्यासारखे डिप्लोमावाले, आयटीआयवाले यांच्या पासपोर्टवर ईसीआर नसतं. ते मिरवतात. पण त्याचा अर्थ एवढाच की तुमचा करार सरकारी माणूस बघत नाही. तो तुम्हीच बघायचा.

आणि पैसे आधीच दिले असतील तर? रडत बसू नका, कागद गोळा करा. पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, एजंटचा फोन नंबर, जाहिरातीचा फोटो. चॅट डिलीट करायची नाही. तक्रार ई-मायग्रेटवर करता येते, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर करता येते, आणि गावच्या पोलीस ठाण्यातही. इथं असाल तर दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर ८००४६३४२, लिहून घ्या. भारतातून १८००११३०९०. पोराला सांगा, एजंटला फोन करून धमकी द्यायच्या आधी इथं फोन कर. धमकी दिली की तो सिम बदलतो.

माझं झालं. ज्यांच्या मोबाइलवर आत्ता घरून आलेलं एखादं ऑफर लेटर आहे, त्यांनी जेवायला जाऊ नका, थांबा. एकेक उघडून बघू. आरसी नंबर असेल तर आत्ताच टाकून बघतो, वायफाय चालू आहे.