मोबाईलमधून काय शिकावे?
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही विद्वान नाही. बोईसरला माझा डाय बनविण्याचा लहानसा कारखाना आहे. चिंचणी-तारापूर भागात हा धंदा कोणाला नवा नाही. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरावयाची, त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की दागिन्याचा आकार उठतो. अशा माणसास संस्थेने ‘मोबाईलची ॲप आणि उद्योजकता’ हा विषय द्यावा, याचे प्रथम मलाच हसू आले. पण विचार करता करता वाटले, या विषयाचा फटका मी स्वतः खाल्ला आहे, तेव्हा बोलावे.

घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, मुले मोबाईलने बिघडली. तक्रार खोटी नाही. यांतली बरीचशी ॲप माणसाचा वेळ धरून ठेवण्यासाठीच घडविलेली असतात, कारण जाहिरातीचा पैसा त्यातून निघतो. परंतु पालकहो, ज्या वस्तूने आपल्या मुलांना एवढे धरून ठेवले ती कोणी व कशी उभी केली, हे आपण कधी विचारीत नाही.

व्हॉट्सॲपचेच पाहा. जॅन कूम हा युक्रेनमधला मुलगा. १९९२ साली, सोळाव्या वर्षी, आईबरोबर अमेरिकेस गेला. आई दुसऱ्यांची मुले सांभाळी, हा किराणा दुकानाची फरशी झाडी. सरकारी मदतीवर घर चाले. पुढे त्याने ब्रायन ॲक्टन या मित्राच्या साथीने व्हॉट्सॲप वाढविले. या ॲक्टनला २००९ साली फेसबुकने नोकरी नाकारली होती. त्याच फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घ्यावयाचे ठरविले. आकडा मोठा आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सुरुवातीची गोष्ट. ॲप प्रथम निरोपांसाठी नव्हतेच. मी कामात आहे, झोपलो आहे, एवढे कळविण्याची ती सोय होती. लोक मात्र त्याच जागी एकमेकांना निरोप लिहू लागले. कूमने ते पाहिले आणि आपला बेत बदलला.

आपल्या देशातले उदाहरण शेअरचॅटचे. अंकुश सचदेवा, भानू प्रताप सिंग आणि फरीद अहसान हे तिघे आय.आय.टी. कानपूरचे विद्यार्थी. त्यांचे आधीचे अनेक प्रयोग फसले. मग त्यांच्या ध्यानात आले की अनोळखी माणसेसुद्धा व्हॉट्सॲपच्या गटात घेतले जावे म्हणून आपले नंबर उघड देत आहेत, आणि त्या गटांत आपापल्या भाषेतला मजकूर फिरत आहे. २०१५ मध्ये त्यांनी भारतीय भाषांसाठी ॲप काढले व इंग्रजी त्यातून वगळली. कंपनीचे नाव मोहल्ला टेक! पुढे चढउतार झाले. २०२३ मध्ये नोकरकपात झाली, फरीद आणि भानू कारभारातून बाजूला झाले. म्हणजे हे काही कायमचे सोन्याचे झाड नव्हे.

आता माझी गोष्ट. २०१७ साली माझी मुलगी पालघरला कॉलेजात होती. ती म्हणाली, “अब्बा, व्यापारी तुम्हाला नक्षीचे फोटो पाठवतात आणि तुम्ही त्यांना इथे या म्हणता. आपणही फोटो पाठवू या. मला एक बरा फोन घेऊन द्या.” मी नाही म्हटले. नक्षी चोरीला जाईल, ही माझी भीती; आणि मुलीने व्यापाऱ्यांशी बोलावे, हेही मनाला पटेना. ते बोलून दाखविले नाही, एवढेच.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. मुंबईचा व्यापारी येईना. नाइलाजाने मी फोन तिच्या हाती दिला. तिने जुने निरोप बसून वाचले. व्यापारी फोटोवर बोटाने गोल काढून लिहीत, “हे पान लहान करा.” आम्ही मात्र आधी पोलाद कोरत होतो आणि नापसंत झाले की तो ठोकळा वाया घालवीत होतो. तिने क्रम उलटा केला. आधी कागदावरचे चित्र पाठवावयाचे, होकार आला की मगच कोरावयाचे. वाया जाणारे पोलाद व मजुरी वाचली. माझी भीतीही अगदीच खोटी नव्हती, दोन नक्षी खरोखर चोरीला गेल्या. तेव्हापासून ओळखीच्या गिऱ्हाइकांनाच चित्रे जातात.

पण मधली तीन वर्षे माझ्या हट्टात गेली. दोन चांगले कारागीर काम नाही म्हणून सोडून गेले. त्यांतला एक आज एमआयडीसीत कंत्राटावर आहे. बारीक पाकळी कोरावी तर त्यानेच.

एकदा मुलगी म्हणाली, “भाईजानच्या दुकानात तुमचे पैसे बुडाले, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी तर फक्त फोन मागितला होता.” पालक बंधूंनो, यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, कारखाने आले. तेव्हापासून आपण मुलांसाठी गेटपासची नोकरी किंवा आखाताचा व्हिसा एवढेच पाहत आलो, आणि मुलींसाठी तेवढेही पाहिले नाही.

ज्यांना आपली मुले-मुली कारखाना पाहावयास आणावयाची असतील त्यांनी रविवारी सकाळी अवश्य यावे. माझी मुलगी तेथेच असते. प्रश्न तिलाच विचारा, कारण मला अजून फोटो धड काढता येत नाही.