खुंट्यावरचा दुसरा हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कवी माणूस. नाचाशी माझा संबंध लग्नाच्या वरातीपुरता, तोही लांब उभं राहून बघण्याचा. तरीही आज बॅलेविषयी बोलणार आहे. त्याला एक निमित्त घडलं.

मध्यंतरी एका कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. दोन कवींनी तासभर कविता वाचायच्या. एकानं वाचली की दुसऱ्यानं तिला जोडून आपली वाचायची. माझ्याबरोबरचा कवी सव्वीस वर्षांचा. त्याच्या कविता कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ. मी छप्पन्न वर्षांचा. कागद पाहिल्याशिवाय मला माझीच कविता आठवत नाही. घरी म्हणालो, ‘‘जमणार नाही म्हणून कळवतो. त्याच्याशेजारी मी म्हातारा दिसेन.’’ मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, आधी एक चित्रपट बघा, मग कळवा.’’ आणि तिनं संगणकावर १९६६ सालचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लावून दिला. संवाद एकही नाही, सगळी गोष्ट नाचातून.

शेक्सपिअरची ज्युलिएट पुरती चौदा वर्षांचीही नाही. ते काम करणारी मार्गो फॉन्टेन चित्रपट आला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. रोमिओ झालेला रुडॉल्फ नुरेयेव तिच्याहून जवळजवळ एकोणीस वर्षांनी लहान. पहिली काही मिनिटं मी तिच्या चेहऱ्यावर वय शोधत होतो. नंतर शोधायचं विसरून गेलो.

मग या दोघांविषयी मिळेल ते वाचलं. फॉन्टेन १९१९ साली इंग्लंडमध्ये जन्मली. पंधराव्या वर्षी रंगमंचावर आली. महायुद्ध संपल्यावर १९४६ साली लंडनचं कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह पुन्हा उघडलं, तेव्हा ‘स्लीपिंग ब्यूटी’तली राजकन्या तीच होती. पण १९६१ उजाडलं तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. तिचा जुना जोडीदार मोठ्या भूमिकांतून बाजूला झाला होता. आता हिनंही थांबावं, अशी कुजबूज सुरू होती.

नुरेयेवचा जन्म १९३८ सालचा, सायबेरियातून धावणाऱ्या आगगाडीत. घर तातार मुसलमानांचं, आईचं नाव फरीदा. ते नाव वाचून मी थबकलो. माझ्या चाचीचं नाव तेच. हा मुलगा उफा नावाच्या गावात वाढला, पुढं लेनिनग्राडच्या किरोव्ह बॅलेत चमकला. जून १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्यानं मायदेशी परतायला नकार दिला आणि फ्रेंच पोलिसांकडे आश्रय मागितला.

त्याच्याबरोबर ‘जिझेल’ करशील का, असं फॉन्टेनला विचारण्यात आलं. ती आधी कचरली. या कोवळ्या पोरापुढं आपण कशा दिसू, हीच तिची भीती. जगात नाव झालेल्या बाईलाही तेच वाटलं होतं, जे मला वाटत होतं! पण ती तयार झाली. २१ फेब्रुवारी १९६२ रोजी दोघं पहिल्यांदा लंडनमध्ये नाचली. पडदा पडल्यावर तिनं गुच्छातला एक गुलाब त्याला दिला. त्यानं गुडघ्यावर बसून तिचा हात ओठांना लावला.

बॅलेत पुरुष स्त्रीला उचलून डोक्यावर धरतो. मला वाटायचं, सगळा जोर त्याचा आणि ती फुलासारखी हलकी. तसं नसतं. ती गुडघे वाकवून नेमक्या तालावर स्वतः उडी घेते. ती क्षणभर चुकली तर त्याचे दंड निरुपयोगी ठरतात. वर गेल्यावरही तिला आपलं अंग आवळून धरावं लागतं. झोपलेलं लेकरू जागेपणीपेक्षा जड लागतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. आणि ती बुटाच्या टोकावर गिरकी घेते, तेव्हा तिचा तोल जरा कलायच्या आत त्याच्या बोटांना तो कळावा लागतो. दिसतं असं की एक जण धरतोय. खरं म्हणजे दोघंही धरत असतात.

हे वाचताना मला आमच्या सांगलीकडच्या घरातलं जातं आठवलं. गावात गिरणी आली होती, पण डाळ घरीच भरडली जायची. जात्याशी दादी आणि नवी लग्न होऊन आलेली फरीदा चाची समोरासमोर बसायच्या. खुंट्यावर दोघींचे हात. दादी एका हातानं वैरण घालायची आणि ओवी म्हणायची, मराठीतच. चाचीच्या अंगात जोर होता, पण ती घाई करायची. दादीचा हात तिला लयीत आणायचा. दादीचा हात ढिला पडला की चाचीचा जोर वाढायचा. जातं मात्र थांबायचं नाही.

फॉन्टेन आणि नुरेयेव यांचंही असंच झालं. त्याच्या जोमानं तिच्या नाचात नवी धार आली. त्याला तिच्याकडून रंगमंचावर शांत उभं राहणं मिळालं. जून १९६४ मध्ये तिच्या पतीवर पनामात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचं शरीर मानेखाली लुळं पडलं. त्या खर्चासाठीही ती नाचत राहिली. आपलं काम आणि आपण स्वतः, यांतला फरक ओळखणं हा तिच्या लेखी सगळ्यात मोठा धडा होता. कामाची फिकीर करावी, स्वतःच्या मोठेपणाची नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचली. तो ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ मूळ बसवला होता लिन सीमोर आणि क्रिस्टोफर गेबल या तरुण जोडीवर. ९ फेब्रुवारी १९६५ च्या पहिल्या रात्रीचा मान मिळाला तो फॉन्टेन आणि नुरेयेवला. पडदा त्रेचाळीस वेळा उघडावा लागला म्हणतात. त्या टाळ्या ऐकताना तरुण जोडीला काय वाटलं असेल? ज्येष्ठांनी खुंटा जरूर धरावा, पण दुसऱ्या हाताला जागा ठेवून. पुढं फॉन्टेन आजारी पडली, तेव्हा तिच्या मदतीसाठी १९९० साली लंडनमध्ये याच बॅलेचा खास प्रयोग झाला आणि त्यात नुरेयेव नाचला. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी ती गेली. पहिल्या ‘जिझेल’ची तारीखही तीच. १९९३ च्या जानेवारीत तोही गेला.

मी होकार कळवला. कार्यक्रमात तो पोरगा भरभर वाचत होता. मी माझ्या चालीनं वाचत गेलो, तसा तोही हळूहळू थांबून श्वास घेऊ लागला. मग कागदावरून मान वर करून वाचायचं धाडस मी केलं आणि एका ओळीशी अडलो. सभागृह शांत. चष्मा सावरत कागदात ओळ शोधू लागलो, तेवढ्यात शेजारून हलक्या आवाजात ती आली.

त्या पोराला माझी कविता पाठ होती.