राख दिसते, हे दिसत नाही
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



परळीच्या थर्मलची राख आपल्याला ठाऊक हाय. पिकावर बसते, डोळ्यात जाते. दिसते म्हणून आपण तिच्यावर बोलतो. अणुभट्टीची राख दिसत नाही. तिच्यातून जळालेलं इंधन निघतं. युरेनियमच्या त्या कांड्या बाहेर काढल्या तरी तापलेल्याच राहतात, किरण सोडत राहतात. म्हणून कित्येक वर्षं त्या खोल हौदात पाण्याखाली ठेवाव्या लागतात.

2013 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं थर्मल बंद केलं. या हौदाला तशी सुट्टी नाही. जपानात फुकुशिमाला 2011 च्या सुनामीत वीज गेली, पंप थांबले. 4 नंबरच्या भट्टीत तेव्हा इंधनच नव्हतं, सगळं हौदात होतं. तरी हौदाचं पाणी आटलं तर काय, हा घोर लागलाच. पाणी टिकलं म्हणून निभावलं.

बीडात अणुभट्टी नाही, पण महाराष्ट्रात हाय. तारापूरची भट्टी 1969 ला चालू झाली, अमेरिकेच्या इंधनावर. 1974 च्या पोखरणच्या स्फोटानंतर दोन सरकारांचं बिनसलं. जळालेलं इंधन अमेरिकेनं परत नेलं नाही, त्यावर प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. ते तारापुरातच साठलं. भांडण दिल्ली-वॉशिंग्टनचं, ओझं वारल्यांच्या आणि मच्छीमारांच्या शेजारी. पुढं 3 आणि 4 नंबरच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठवली.

दुसरी गोष्ट राखणीची. त्या कांड्यांत प्लुटोनियम असतं, त्याचा बॉम्ब होतो. म्हणजे पहारा लागणारच. पण 1962 च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम 18 नं माहितीलाही कुलूप लावलं. चोराला कळू नये हे ठीक. शेजारच्या गावाला का कळू नये? हौद किती भरला? वीज गेली तर पंप कशावर चालणार? गाव हलवायचं तर कोणत्या रस्त्यानं?

प्लुटोनियमचा जोर निम्मा व्हायला 24 हजार वर्षं लागतात. आपण गायरान कसतो, तर सरकार 14 एप्रिल 1990 च्या आधीच्या ताब्याचा पुरावा मागतं. मग अशा कामाला जमीन मागणाऱ्यानंही कागद दाखवावा: जळालेलं इंधन कुठं ठेवणार, किती वर्षं, कोणाच्या जबाबदारीवर. तो कागद ग्रामसभेत वाचल्याबिगर कुणी अंगठा देऊ नये.