घरून काम करताना अमानत सांभाळा



आपल्यापैकी अनेक जण आता घरातूनच पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या कंपनीचं काम करतात. घर लहान, लॅपटॉप एकच, आणि आपली मीटिंग चालू असताना त्याच वाय-फायवर धाकट्या भावाचा गेम. पण त्या लॅपटॉपमधली माहिती कंपनीची आणि तिच्या ग्राहकांची आहे. ती आपल्याकडे अमानत आहे.

दोन घटना सांगतो. जुलै 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, घरून काम करणाऱ्या ट्विटरच्या काही कर्मचाऱ्यांना फोन आले. बोलणारा म्हणाला, मी आयटी विभागातून बोलतोय, तुमच्या व्हीपीएनची अडचण सोडवतो. अशा अडचणी तेव्हा रोजच्याच होत्या, त्यामुळे काहींना ते खरं वाटलं. लॉगिनचं पान बनावट होतं. तिथे टाकलेला पासवर्ड हल्लेखोर लगेच खऱ्या पानावर वापरत होते. मग मोबाइलवर आलेली परवानगीही काही कर्मचाऱ्यांनीच दिली. ओबामा आणि बायडेन यांच्या खात्यांवरून बिटकॉइनची फसवी आवाहनं झळकली. असा फोन आला तर ठेवून द्या आणि कंपनीच्या नोंदीतल्या नंबरवर स्वतः फोन करा. आपण लॉगिन करत नसू, तर मोबाइलवरची परवानगी नाकारा.

दुसरी घटना 2022 ची. लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारीच कंपनी. तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे-गाण्यांसाठीचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातली त्रुटी 2020 मध्येच दुरुस्त झाली होती, पण अपडेट केलेलं नव्हतं. हल्लेखोर तिथून शिरले, टाइप होणारं प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम त्यांनी बसवला आणि मुख्य पासवर्ड मिळवला.

म्हणून ऑफिसचं काम ऑफिसच्याच लॅपटॉपवर करा. तो फॉर्म भरायलाही घरच्यांना देऊ नका. अपडेट टाळू नका, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. राउटरचा मूळ पासवर्ड आजच बदला.

आणि तरीही चुकून लिंक उघडली गेली तर? आपल्यातले काही जण गप्प बसतात. नोकरी जाईल, नाव बघून संशय आधी आपल्यावरच येईल, ही भीती असते. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या खात्यातून काय झालं, याची नोंद सिस्टिममध्ये राहतेच. नंतर उघड झालेलं मौन संशय वाढवतं. लगेच पाठवलेला ईमेल आपल्या बाजूचा पुरावा ठरतो. शिवाय सर्ट-इनच्या 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कंपनीला कळवावं लागतं. आपण उद्यावर टाकलं, तर ती मुदत हातची जाते.

स्वतःचे पैसे गेले असतील, तर ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते पैसे मधेच रोखले जाण्याची शक्यता जास्त.

अमानत सांभाळणं म्हणजे कुलूप लावणं, आणि कुलूप तुटलं तर मालकाला लगेच सांगणंही.